जर्मनी की जवळचं कॉलेज: आयटीच्या एका प्रवेशाचं प्रकरण

या प्रकरणाविषयी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं आहे. मी तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि ही मुलगी माझी विद्यार्थिनी. घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं, गाव, कॉलेज, एजन्सी यातलं काहीही ओळखू येईल असं ठेवलेलं नाही. तालुका आणि पीक मात्र बदललेलं नाही, कारण द्राक्षाचा पैसा वर्षात कधी हातात येतो यावर या निर्णयातलं बरंच काही अडलं होतं.

दर जून-जुलैत पालक हाच प्रश्न घेऊन येतात: पोराला आयटीसाठी बाहेर पाठवायचं की इथंच घालायचं? या घरानं तो प्रश्न कसा सोडवला, कुठं अडखळलं आणि कुठं थांबून विचार केला, ते तपशिलानं मांडलं तर इतर पालकांना आणि शिक्षकांना त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

मुलगी २०२४ मध्ये राज्य मंडळाची बारावी ८१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी. जूनच्या मध्याला एमएचटी-सीईटीचा निकाल लागला, ९४ पर्सेंटाइल. आमच्या भागात हा निकाल चांगला समजला जातो. पण सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी किंवा पीआयसीटी इथली आयटीची जागा या पर्सेंटाइलला मिळत नाही. जिल्ह्यातली आणि शेजारच्या कोल्हापुरातली बरी खासगी स्वायत्त कॉलेजं मात्र आवाक्यात होती.

घरची तीन एकर द्राक्षबाग. वडील दहावी शिकलेले, आई बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर राबते. धाकटा भाऊ नववीत. आजोबांच्या नावचं गावठाणातलं घर. विकास सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी फिरतं असतं. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की औषधं, खतं, मजुरी असा खर्चच खर्च, आणि पैसा येतो तो फेब्रुवारीपासून पुढे, माल गेल्यावर किंवा बेदाण्याचा सौदा झाल्यावर. जून ते सप्टेंबर हे घर अक्षरशः हातउसन्यावर चालतं. कॉलेजचे प्रवेश आणि परदेशी विद्यापीठांचे पैसे नेमके याच महिन्यांत भरायचे असतात.

मुलीला कॉम्प्युटरची ओढ खरी होती, हे मी वर्गात पाहिलेलं आहे. चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं पायथन शिकून बागेच्या फवारणीच्या नोंदींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता: कुठलं औषध कधी मारलं, तोडणीला किती दिवस उरले, एवढंच सांगणारा. वडील तो खरोखर वापरत होते.

परदेशाची कल्पना मामेभावामुळे आली. तो पुण्यात बी.ई. करून जर्मनीत एम.एस्सी.ला गेला आणि आता श्टुटगार्टला नोकरी करतो. दुसरं कारण तिनं मला स्वतः सांगितलं: "सर, आमच्या गावात आयटी झालेली दोघं आहेत. एक औषधाच्या दुकानात बसतोय, दुसरा फायनान्स कंपनीची वसुली करतोय. मी चार वर्षं घालवून तिथंच यायचं का?" अशा प्रश्नाला "तू चांगला अभ्यास कर" हे उत्तर पुरत नाही.

अडचण कशी उभी राहिली

सीईटीचा निकाल लागल्यावर आठवड्याभरात वडिलांच्या फोनवर कन्सल्टन्सीचे फोन सुरू झाले. सांगलीतल्या एका हॉटेलात सेमिनार होता. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "जर्मनीत शिक्षण मोफत." खाली तुलनेचा तक्ता: इथल्या खासगी कॉलेजची फी चार वर्षांची सव्वापाच लाख, जर्मनीची फी शून्य. एजन्सीचं पॅकेज साडेतीन लाखांचं, त्यात भाषेचे वर्ग, अर्ज, व्हिसा सगळं. एक लाख भरले की जागा पक्की. मुदत दहा दिवसांची.

त्याच दिवसांत कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी सुरू होती. म्हणजे वडिलांपुढं तीन कामं एकदम आली: एजन्सीला आगाऊ पैसे द्यायचे का, कॅपमध्ये पसंतिक्रम भरायचा का, आणि कर्जासाठी बँकेत जायचं का. त्यांनी एक लाखाची सोय केली होती. छाटणीच्या खर्चासाठी ठेवलेली ठेव मोडायची होती. मोडण्याआधी ते माझ्याकडं आले. "पोरीच्या शिक्षणाला मागं सरायचं न्हाई सर, पण एकदा तुमच्या नजरंखालनं जाऊ दे म्हटलं."

पुढ्यात असलेले पर्याय

पहिला पर्याय एजन्सीचा. त्याचे दोन अगदी वेगळे रस्ते असतात आणि सेमिनारमध्ये ते एकच असल्यासारखे सांगितले गेले होते.

सरकारी विद्यापीठाचा रस्ता असा: भारतातली बारावी जर्मन बारावीच्या बरोबरीची धरली जात नाही. त्यामुळे बारावीनंतर थेट बॅचलरला प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर तांत्रिक शाखांना मिळू शकतो, किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं असेल तर त्याच विषयात मिळू शकतो. नसेल तर स्टुडियनकॉलेग, म्हणजे दोन सत्रांचा तयारीचा अभ्यासक्रम. त्याची प्रवेश परीक्षा जर्मन भाषेत, शिकवणंही जर्मनमध्ये. पुढं सरकारी विद्यापीठातला इन्फॉर्मेटिकचा (कॉम्प्युटर सायन्सचा) बॅचलर बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच असतो आणि त्यासाठी सी-१ च्या आसपासची भाषा लागते (ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्यांतली पाचवी). हे जमलं तर बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क खरंच नाही, फक्त सत्राचं किरकोळ योगदान भरायचं असतं. पण हेही सगळीकडं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना बॅचलरसाठी सत्राला २,००० ते ३,००० युरो लावले.

दुसरा रस्ता खासगी विद्यापीठाचा. शिकवणं इंग्रजीत, भाषेची अट सौम्य, प्रवेश सोपा, आणि फी भरपूर. यातली बरीच विद्यापीठं तिथल्या सरकारची मान्यता असलेली आहेत, पदवीही खरी असते. फसवणूक म्हणता येणार नाही. मात्र "मोफत" या शब्दाशी त्यांचा काहीही संबंध नाही.

दुसरा पर्याय कॅपमधून जवळच्या कॉलेजात आयटी. तिसरा, एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी. हा तिनंच पहिल्या दिवशी बाजूला सारला. घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही आणि हंगामात चार माणसांचं काम तिच्यावरही येतं, हे ती जाणून होती. मला तिचं म्हणणं पटलं.

चौथा पर्याय कुणाच्या यादीत नव्हता, तो मामेभावाशी बोलताना निघाला. त्याकडं नंतर येतो.

पहिला टप्पा: पत्र कुणाचं आहे?

मी वडिलांना एकच गोष्ट मागून घ्यायला सांगितली. एजन्सी ज्याच्या जोरावर जागा पक्की म्हणते आहे, ते पत्र. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. आम्ही तिघांनी स्टाफरूममध्ये बसून ती ओळीनं वाचली. वर विद्यापीठाचं नाव, बर्लिनचा पत्ता. दुसऱ्या पानावर लहान अक्षरात: तयारीचं एक वर्ष, मग तीन वर्षांचा बॅचलर, वर्षाला ९,५०० युरो. विद्यापीठ खासगी होतं.

मुलीनं कागद घेतला आणि हिशेब तिथंच मांडला. तेव्हा युरो ९१ रुपयांच्या आसपास होता. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,२०८ युरो आधी भरावे लागत होते, म्हणजे सव्वादहा लाखांच्या जवळपास. त्यात पहिल्या वर्षाची फी साडेआठ लाखांच्या वर. एजन्सी, विमान, कपडे वेगळे. चार वर्षांचा राहण्याचा आणि फीचा आकडा ७५ लाखांपर्यंत जात होता. सरकारी विद्यापीठ धरलं, फी शून्य धरली, तरी नुसत्या राहण्याखाण्याचे चार वर्षांचे ४० लाख ८० हजार.

वडील बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पोरगी तिथं काम करंल, त्यात निघंल म्हणत्यात." हाही मुद्दा टाकून देण्यासारखा नव्हता. २०२४ च्या मार्चपासून तिथं विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन तेव्हा तासाला १२.४१ युरो होतं. १४० दिवस रोज आठ तास धरले तर वर्षाला १३,९०० युरोंच्या घरात जातात, म्हणजे कागदावर राहण्याचा खर्च निघतो. श्टुटगार्टच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, परीक्षेच्या दोन महिन्यांत मी एक दिवसही काम केलं नाही. आणि भाषा कच्ची असेल तर गोदामात नाहीतर हॉटेलात भांड्यांना. निम्मा खर्च निघाला तरी खूप समजा." ("मामा" म्हणजे तो मुलीच्या वडिलांना म्हणतो. नात्यानं आत्याचे यजमान, पण त्या घरात सगळे तसंच म्हणतात.)

एक लाख भरायचे नाहीत, एवढं त्या दिवशी ठरलं. परदेश नको, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरा टप्पा: बँक आणि आत्तीचा प्लॉट

वडिलांच्या मनात अजून होतं की सरकारी विद्यापीठाचा रस्ता धरू, कर्ज काढू. तीन एकर बागायत आहे, बँक का देणार नाही? ते तालुक्याच्या शाखेत गेले. साहेबांनी चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं: साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर तारण लागेल, आणि शेतजमीन चालणार नाही.

बऱ्याच शेतकरी पालकांना हे तिथं टेबलापुढं बसल्यावर कळतं, म्हणून थोडं सविस्तर. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेता येतं. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. तिचा परिणाम असा की मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन धरायला तयार नसतात. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा ठेव मागतात. यांचं घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली, वारसनोंद झालेली नव्हती. म्हणजे तेही बाद.

उरला आत्तीचा प्लॉट. मुलीची आत्ती मिरजेत असते, तिच्या नावावर एक एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे. रविवारी सगळे जमले. मला बोलावलं होतं, पण मी मुद्दाम गेलो नाही. हा घरातला विषय होता. काय झालं ते मुलीनं नंतर सांगितलं. आत्ती पहिल्यांदा हो म्हणाली. जेवणं झाल्यावर तिनं भावाला बाजूला घेतलं: "दादा, प्लॉट तुझ्या पोरीपेक्षा मोठा न्हाई. पण माझ्या दोन पोरांचं त्याच्यावरच हाय. उद्या बाग गारपिटीत गेली तर हप्ता कोण भरणार, तेवढं सांग." वडिलांकडं उत्तर नव्हतं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, आत्तीच्या प्लॉटवर मी जाणार नाही." हा निर्णय तिचा. मी त्यात काही सुचवलं नाही आणि वडिलांनीही तिला थांबवलं नाही.

एजन्सीनं याही वेळी तोडगा दिला: विनातारण कर्ज देणारी वित्तसंस्था, व्याज १३ टक्क्यांच्या पुढं, आणि शिक्षण चालू असतानाच व्याज भरायचं. २५ लाखांवर वर्षाचं व्याज सव्वातीन लाख, महिन्याला २७ हजार. ज्या घरात जून ते जानेवारी पैसा येतच नाही, तिथं दर महिन्याला २७ हजार कुठून आणणार? हे वडिलांनी एका मिनिटात ओळखलं. बागेचा हिशेब आयुष्यभर केलेला माणूस आहे, आकडे समोर मांडले की त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा टप्पा: इथली फी खरंच किती?

एजन्सीच्या तक्त्यातली सव्वापाच लाखांची फी कुणीच तपासली नव्हती. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा निर्णय निघाला: आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. हे कुटुंब इतर मागास वर्गात येतं, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली.

अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. विकास शुल्क आणि वसतिगृह भरावंच लागतं. कागद लागतात: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचं प्रकरण अकरावीत असतानाच टाकलं होतं म्हणून ते वेळेत हातात होतं. याच एका कागदावाचून अडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता तक्ता नव्यानं मांडला गेला. इथं वसतिगृह आणि खानावळ वर्षाला साधारण ९० हजार. विकास शुल्क, लॅपटॉप, किरकोळ खर्च धरून चार वर्षांचे पाच लाखांच्या आसपास. कर्ज नाही, आणि काढावं लागलं तरी साडेसात लाखांच्या आत.

चौथा पर्याय

श्टुटगार्टच्या भावाशी त्या आठवड्यात बरंच बोलणं झालं. त्यानं सांगितलेलं सगळ्यात उपयोगी असं: जर्मनीत आयटीचा बॅचलर इंग्रजीत मिळणं अवघड आहे, मास्टर मात्र सरकारी विद्यापीठांतही इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी मिळतो. मास्टर दोन वर्षांचा. म्हणजे चारऐवजी दोन वर्षांचा राहण्याचा खर्च, हातात पदवी असल्यामुळे आयटीतलंच अर्धवेळ काम मिळण्याची शक्यता, आणि जाणारी मुलगी अठराऐवजी बावीस वर्षांची.

त्यातून चौथा पर्याय उभा राहिला. आत्ता कॅपमधून इथं प्रवेश घ्यायचा, सोबत जर्मन सुरू करायचं, आणि परदेशाचा निर्णय दोनदा घ्यायचा: एकदा पहिलं वर्ष संपल्यावर, कारण तेव्हा थेट बॅचलरचा दरवाजा उघडतो, आणि पुन्हा शेवटच्या वर्षात, मास्टरसाठी. दोन्ही वेळा "नाही" म्हणायची मोकळीक ठेवायची.

मला हा पर्याय पटला तो स्वस्त होता म्हणून नाही. एजन्सीच्या रस्त्यावर पहिल्याच महिन्यात वीस लाख अडकणार होते आणि मुलीला तिथं गेल्यावर कळलं असतं की आपल्याला हे झेपतं का. इथं तिला आयटी शिकून पाहायला, भाषा शिकून पाहायला आणि मागं फिरायलाही जागा होती. अठराव्या वर्षी मुलांना अशी जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

या पर्यायाची उणी बाजूही आम्ही लिहून काढली. जवळच्या कॉलेजचं कॅम्पस बेताचं. वरच्या बॅचच्या प्लेसमेंटचे आकडे माहितीपत्रकात चांगले दिसतात, पण मुलीनं तिथल्या दोन सीनियर मुलींना गाठून विचारलं तर शेवटच्या वर्षातल्या बऱ्याच जणी तेव्हा ऑफरविना होत्या. गावातल्या त्या दोन मुलांची भीती खरी होती आणि चौथ्या पर्यायानं ती पूर्ण जात नव्हती.

काय केलं

कॅपच्या पसंतिक्रमात तिनं शाखेला पहिला मान दिला, कॉलेजला दुसरा. आधी पाचही बऱ्या कॉलेजांचं आयटी आणि कॉम्प्युटर, मग बाकी. पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या, कारण पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. दुसऱ्या फेरीत तिला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात आयटी मिळालं. घरापासून एसटीनं दोन तास.

जर्मनचे वर्ग पुण्यातल्या एका शिक्षिकेकडं ऑनलाइन. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात द्यायची, कारण विद्यापीठं आणि वकिलात मानतात ती प्रमाणपत्रं मोजकीच आहेत आणि एजन्सीच्या "आमचं सर्टिफिकेट" या म्हणण्याला अर्थ नसतो.

वडिलांनी एक काम स्वतःहून केलं. आजोबांच्या घराची वारसनोंद लावली.

पहिल्या वर्षानंतरचा निर्णय

२०२५ च्या जूनमध्ये पहिलं वर्ष संपलं. सीजीपीए ८.१. जर्मन बी-१ ची परीक्षा उत्तीर्ण, चारातला बोलण्याचा भाग काठावर. आता ठरल्याप्रमाणे पुन्हा बसायचं होतं.

कागदावर तिला थेट बॅचलरसाठी अर्ज करता येत होता. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएसचं प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मन वकिलातीकडून मिळणारं) सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. भाषा सी-१ लागणार, म्हणजे अजून वर्षभर तरी. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो झाली होती आणि दरम्यान रुपयाही घसरला होता. जून २०२४ मध्ये जे सव्वादहा लाख होते, ते त्या उन्हाळ्यात पावणेबारा लाखांच्या घरात गेले होते. त्यातच त्या वर्षी पावसानं बागेचा माल हलका झाला होता.

आर्थिक कारणं पुरेशी होती, तरी निर्णय त्यावर झाला नाही. तिनं सांगितलेलं कारण वेगळं होतं. पहिल्या वर्षात तिला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम भेटल्या, त्यांच्यासोबत ती दुसऱ्या वर्षी एका प्रोजेक्टवर काम करणार होती. इथं मिळालेलं हे एक वर्ष सोडून तिथं पुन्हा पहिल्या वर्षात बसायचं, हे तिला जमेना. ती राहिली.

आजची स्थिती

मुलगी आता दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात आहे. सीजीपीए आठच्या वर टिकून आहे. याला महत्त्व आहे, कारण जर्मन विद्यापीठं भारतीय गुण एका सूत्रानं बदलून घेतात. दहाच्या मोजमापात उत्तीर्णतेची रेषा ४ धरली तर ८ चा जर्मन दर्जा २.० होतो आणि ७ चा २.५. तिथं आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच मास्टर अभ्यासक्रमांची रेषा २.५ वर असते. ती प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये साठवते आहे. मास्टरला अर्ज करताना गणित, अल्गोरिदम, ऑटोमाटा, ऑपरेटिंग सिस्टिम या विषयांचे क्रेडिट मोजले जातात, आणि आयटी शाखेत यातला एखादा विषय ऐच्छिक असतो. तो ऐच्छिक असला तरी घ्यायचाच, हे तिनं आत्ताच ठरवून टाकलं आहे.

जर्मन मात्र थांबलं आहे. दुसऱ्या वर्षाचा बोजा, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट यात बी-२ चा वर्ग सुटला. उन्हाळ्यात पुन्हा सुरू करायचं म्हणते. या विषयाची काळजी घरच्यांपेक्षा मला जास्त वाटते, कारण मास्टर इंग्रजीत असला तरी तिथं अर्धवेळ काम आणि पुढची नोकरी भाषेवरच अडते.

त्याच तालुक्यातला एक मुलगा त्याच वर्षी खासगी विद्यापीठाच्या रस्त्यानं गेला. त्याच्या वडिलांची सांगलीत दुकानगाळ्याची मालकी असल्यानं तारणाचा प्रश्न आला नाही. तो तिथं बॅचलरच्या पहिल्या वर्षात आहे, शनिवार-रविवार काम करतो, जर्मन झपाट्यानं शिकला आहे. त्याचा निर्णय चुकला असं म्हणायला माझ्याकडं काहीही आधार नाही. त्याच्या घराला तो खर्च पेलत होता, या घराला पेलत नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, बँकेत जाणं सेमिनारच्या आधी व्हायला हवं होतं. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत शाखेत जाऊन "तारण काय लागेल" एवढं विचारलं असतं तर आत्तीच्या घरचा तो रविवार टळला असता. भाऊ-बहिणीत काही बिनसलं नाही, पण मुलीच्या मनाला ते बरेच दिवस लागून राहिलं.

वारसनोंद सहा वर्षं पडून होती. ती झालेली असती तर निदान घर तारण म्हणून पुढं ठेवता आलं असतं. घेतलं असतं की नाही हा प्रश्न वेगळा, पण पर्याय हातात असता.

श्टुटगार्टच्या भावाला फोन एजन्सीच्या सेमिनारनंतर झाला. तो आधी झाला असता तर "मोफत" या शब्दाचं काय होतं ते पहिल्याच दिवशी कळलं असतं. ओळखीत कुणी नसेल तर विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शुल्क, भाषा आणि मान्यता या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. पालकांना इंग्रजी जड जात असेल तर आम्हा शिक्षकांनी शेजारी बसून वाचून दाखवावं. त्याला अर्धा तास लागतो.

कॉलेजच्या निवडीत प्लेसमेंटची विचारपूस दोन मुलींवर थांबली. दहा जणींना विचारायला हवं होतं, आणि आयटी विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती आहेत हेही. त्या मॅडम या वर्षी कंत्राटावर आहेत, पुढच्या वर्षी असतील का हे कॉलेजला सांगता येत नाही, आणि मुलीचा प्रोजेक्ट त्यांच्यावरच उभा आहे. या प्रश्नावर आत्ता काम चालू आहे: विभागातला दुसरा मार्गदर्शक शोधणं आणि प्रोजेक्टचं काम गिटहबवर नीट मांडून ठेवणं.

जर्मनचा बी-२ वर्ग सुट्टीत लावायचा ठरला आहे. एपीएसचा अर्ज २०२७ च्या पावसाळ्यात करायचा, म्हणजे २०२८ च्या हिवाळी सत्रासाठी अर्जांच्या तारखा सुरू होतील तेव्हा कागद हातात असतील. त्यासाठी लागणारे १८,००० रुपये वडिलांनी यंदाच्या बेदाण्याच्या पहिल्या सौद्यातून बाजूला काढून तिच्या खात्यात टाकले आहेत. जायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.